त्या फिल्ममध्ये तुझं कपाळ नव्हतं

काकू, तुला उचलायच्या आधी अंगणात तुझ्या कपाळावरून वाद झाला. तू आत चटईवर होतीस. तोंड असं मिटलेलं की आता एक टोमणा मारशील आणि सगळ्यांची बोलती बंद होईल. बाहेर भावकीतले तात्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणत होते, "वहिनी, हिरवं लुगडं अन् कुकू-बिकू काय करू नका. त्यो गेलेला हाय. पिच्चरमधी दावलंय की. समद्या तालुक्यानं बघितलंय."

म्हणजे नवरा असलेली बाई म्हणून तुला पाठवायचं की नवरा गेलेली म्हणून, हे त्या फिल्मवरून ठरवायचं. जिला आपण दोघींनी बसून नावं ठेवली, त्या फिल्मवरून. पुढं काय झालं ते सांगतेच. पण आधी मला तुझ्याशी जरा बोलू दे. गेल्या काही दिवसांत या घरात तुझ्याबद्दल किती लोक किती काय काय बोलले, त्यांच्या बोलण्यातली एकही बाई तू नव्हतीस. दहावा-तेरावा अजून व्हायचाय. पाहुण्यांच्या चहाचं गुऱ्हाळ चालू आहे आणि मी मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले आहे. सगळ्यांना वाटतंय, पोरगी लग्नाच्या ऑर्डरी उरकतेय. वाटू दे.

तुला ठाऊक असलेलंच आधी सांगते, कारण फिल्मवाल्यांनी ते इतकं फिरवून फिरवून सांगितलं की एकदा सरळ सांगायला हवं. मी सातवीत होते. वैशाखातल्या एका सकाळी काका बीडला निघाले. विहिरीवरची मोटर जळाली होती, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत एका दुकानात नवी तार भरायला टाकलेली होती, ती आणायची होती. त्या दुकानात ते पोचलेच नाहीत. काही दिवसांनी त्यांची मोटारसायकल कपिलधारला सापडली, झाडाच्या सावलीत, नीट स्टँडवर लावलेली, हँडल लॉक केलेलं. काका सापडले नाहीत. अंगावरचा कपडा नाही, चप्पल नाही, त्यांना बघितलेलं एक माणूस नाही. बीडला जायचं ते बीड ओलांडून पुढं कपिलधारला का गेले, हे आजपर्यंत कुणाला सांगता आलेलं नाही. एवढीच गोष्ट आहे. बाकीची लोकांनी घातलेली भर आहे.

तू मात्र कसलीच भर घातली नाहीस. "येतो म्हनून गेलेत," एवढंच तुझं म्हणणं होतं आणि ते शेवटपर्यंत तेवढंच राहिलं. कुंकू पुसलं नाहीस, गळ्यातली काळी पोत काढली नाहीस. बाबा म्हणजे काकांचे सख्खे थोरले भाऊ, त्यांनी पहिली काही वर्षं जिवाचं रान केलं. ठाणं झालं, दवाखाने झाले, आश्रम, देवस्थानं, कुठं कुठं बेवारस म्हणून ठेवलेली प्रेतं बघून झाली. मग कधीतरी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की भाऊ गेला. सात वर्षं उलटल्यावर कोर्टातून मयत ठरवून घेता येतं म्हणून वकिलाकडून कागद करून आणले. तू तेव्हा शेळीची धार काढत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "करते की सही, दादा. त्येंला घिऊन या, त्येंच्यासमोर करते." बाबा तसेच मागं फिरले आणि कितीतरी दिवस तुझ्या दाराकडे फिरकले नाहीत. तुमच्या दोघांतला तो वाद मिटलाच नाही.

आपल्या दोघींचं फिल्मा बघणं त्याच्यानंतर पुष्कळ वर्षांनी सुरू झालं. मी बीडला स्टुडिओत लग्नाच्या फिल्मा कापायला-जोडायला लागले होते. लग्नसराई नसली की एसटीनं तलवाड्याला उतरायचं, तिथून मिळेल त्या गाडीनं गावात, आणि रविवारची दुपार तुझ्याकडे. एकदा मी मोबाईलवर बाहेरच्या देशातली, हिंदीत बोलणारी एक फिल्म बघत होते. फार पूर्वी नाहीशी झालेली एक मुलगी, न लागलेला तपास, थकलेले आईबाप. तू शेंगा फोडत शेजारी येऊन बसलीस तशी मी घाईघाईनं बंद करायला लागले. तू माझा हात धरलास. "ऱ्हाऊ दे. त्या पोरीचं काय झालं ते बघू."

मला वाटलं होतं तू रडशील. तू तर परीक्षकच निघालीस. त्यानंतर आपण न उलगडलेल्या खुनांच्या आणि हरवलेल्या माणसांच्या इतक्या फिल्मा बघितल्या की मला नावंही आठवत नाहीत, पण तू कुठलीला काय म्हणालीस ते सगळं आठवतं. तुझं पहिलं बघणं असायचं ते आधी कुणाला बोलू दिलंय याकडं. पोलीस आधी बोलला की तू नाक मुरडायचीस. घरचं माणूस आधी आलं की जरा सरसावून बसायचीस. एका फिल्मनंतर म्हणाली होतीस, "मेलेल्या मानसाला खायला काय आवडायचं हे एकानंबी सांगितलं न्हाई. सुरा केवढा हुता ते मातर सारखं दावायलेत."

संगीत चढायला लागलं की तुझे शेंगा फोडणारे हात थांबायचे. "आता लबाड बोलतेत बघ. खरं बोलायला बाजा कशाला लागतोय?" मला हसू आवरायचं नाही, कारण माझं पोटच त्या बाजावर चालतं. नवरी गाडीत बसायला लागली की सनई कुठून चढवायची, बापाचे डोळे किती हळू पुसायचे, हे मीच ठरवते. तुला एकदा माझी एक फिल्म दाखवली तेव्हा तू पाठवणीपाशी मला थांबवलंस. "तिच्या तोंडाच्या एवढं जवळ कावून गेलीस? रडायली ना ती. लांबून घे की. तिला रडू दे अन् तू गुमान लांब ऱ्हा." तेव्हापासून मी पाठवणी लांबून घेते. गिऱ्हाईकं कुरकुर करतात, स्टुडिओचा मालक करवादतो, मी काही बदललेलं नाही. माझ्या धंद्यातलं हे एवढं एक मला कुठल्या क्लासात शिकवलं नव्हतं.

तुला मनापासून आवडलेली एकच आठवते. हरवलेल्या मुलाची म्हातारी आई बोलता बोलता उठली, भट्टीतला पाव करपला का ते बघून आली, पदरासारख्या त्या कापडाला हात पुसले आणि परत येऊन बसली. तेवढा वेळ रिकामी खुर्चीच दिसत राहिली. त्यांनी ते कापलं नव्हतं. तू म्हणालीस, "ही खरी हाय. घरातलं मानूस गेलं म्हनून काय चूल ऐकती व्हय?" त्या दिवशी तू मला ती परत लावायला लावलीस आणि त्या बाईचा पाव नक्की कशाचा असतो हे विचारत बसलीस.

आपलं भांडण असायचं ते शेवटावरून. मला खुनी सापडलेली फिल्म आवडायची. एवढा वेळ बसायचं आणि हाताला काही लागायचं नाही, हे मला पटायचं नाही. तुझं नेमकं उलटं. शेवटी काळ्या पडद्यावर 'तपास अजून चालू आहे' एवढंच आलं की तू मान हलवायचीस. "ठाऊक न्हाई म्हनून गप बसले, ते खरे. ठाऊक नसताना शेवट लावून देतेत ते चोर." एकदा मी चिडून म्हणाले, "मग बघायचं कशाला, काकू? शेंडा ना बुडखा." तू शेंगांचं टोपलं बाजूला सरकवलंस. "माझं काय हाय मग? मला शेंडा हाय का बुडखा? तरी मी हायच की." मी त्या रविवारी लवकरच्या गाडीनं बीडला गेले. तू काही लागट बोलली नव्हतीस, पण मला तिथं बसवेना.

आणि मग खरंच आपल्या दारात कॅमेऱ्याची गाडी आली. मुंबईची पोरगी होती, माझ्याच वयाची. न लागलेल्या तपासांवर मालिका करत होती आणि बीडच्या कुणा पत्रकाराकडून तिला काकांचं कळलं होतं. बाबा म्हणाले, घरचं चव्हाट्यावर आणायचं नाही. मीही नको म्हणाले, मला तो धंदा ठाऊक होता. तू मात्र लगेच हो म्हणालीस. का ते मला चुलीपाशी हळूच सांगितलंस. "आता मोबाईल समद्यांच्या हातात हाय. कुटं असतेल तितं बघतेल. मी दिसंन. कुकू दिसंल. त्येंना कळंल, घर हाय तसंच हाय." त्या दिवशी तू एरवीपेक्षा मोठं कुंकू लावलंस आणि आरशात दोनदा बघून आलीस.

ती पोरगी वाईट नव्हती. उन्हापावसात उभी राहून काम करत होती, तुला 'काकू, काकू' म्हणत होती. तिनं विचारलं, दारात बसून रस्त्याकडं बघाल का? तू म्हणालीस, "मी दारात कवाच बसत न्हाई, बाई. वाट बघायला बसावं लागत न्हाई. कामं करता करताबी बघता येती." मग तिनं जरा चाचरत विचारलं, कुंकवाऐवजी बारीक टिकली चालेल का, कॅमेऱ्यात फार भडक येतंय. तू नुसतं नाही म्हणालीस. तिनं पुन्हा विचारलं नाही. जाताना तुझ्या पाया पडली आणि तू तिला डबा भरून शेंगांची चटणी दिलीस.

फिल्म आली त्या दुपारी मी टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि तू इस्त्रीचं लुगडं नेसून समोर बसलीस. शिरा केला होतास. आई आली होती, शेजारच्या बायका आल्या होत्या. बाबा आले नाहीत. सुरुवातीलाच काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि काकांच्या नावापुढं 'खून' हा शब्द आला. पाठोपाठ ड्रोननं घेतलेला कपिलधारचा धबधबा, ओसंडून वाहणारा, सगळीकडं हिरवंगार. तू म्हणालीस, "ह्ये काय? वैशाखात कपिलधारला एवढं पानी असतंय व्हय?" नसतं. काका गेले तेव्हा तिथं नुसता कोरडा कडा होता, पोलिसांनी खालचा दगड न् दगड बघितला होता. पण ही मंडळी श्रावणात आली, त्यांना पाणी दिसलं, आणि त्या पाण्यात त्यांनी काकांना ढकलून दिलं.

पुढं शेताच्या बांधाचा वाद आला, म्हणजे त्यातूनच कुणी काकांना मारलं असेल असं. मग पडद्याआड पदर घेतलेल्या बाईची सावली आली, म्हणजे काकांची दुसरी कुणी होती की काय. आईनं तुझ्याकडं चोरून बघितलं. तू म्हणालीस, "असती तर बरंच झालं असतं. निदान त्येंना येळंवर जेवायला तरी भेटलं असतं." बायका हसल्या, तूही हसलीस. मग परत बांधाचा वाद, परत पाणी, आणि शेवटी एक जाड आवाज म्हणाला की या धबधब्याला सगळं ठाऊक आहे. तू म्हणालीस, "मग त्यालाच इचारायचं हुतं. मला कावून इचारलं?"

मी मात्र हसू शकले नाही. माझं कामच कापाकापीचं, त्यामुळं मला ते मघाशीच दिसलं होतं. फिल्ममध्ये तुझे हात होते, भाकरी थापणारे. तुझी पाठ होती. हनुवटी, काळी पोत, बोलणारे ओठ. खून झालेल्या माणसाच्या बायकोच्या कपाळावर ठसठशीत कुंकू बघून बघणारे गोंधळले असते, म्हणून प्रत्येक चौकट कपाळाच्या खालीच कापली होती. अख्ख्या फिल्ममध्ये तुझं कपाळ कुठंच नाही. सगळं संपल्यावर तू मला विचारलंस, "माझं कुकू कवा आलतं गं? माझं ध्यान न्हवतं का?" आई उठून आत गेली. मी म्हणाले, "न्हाई आलं, काकू." "मग त्येंना कसं कळायचं?" एवढंच म्हणालीस आणि शिऱ्याच्या बशा गोळा करायला लागलीस.

मला त्या पोरीला फोन लावून झापायचं होतं. तू लावू दिला नाहीस. "शिव्या देऊ नको. तिला कुनीतरी शेवट मागितला असंल." मी अजूनही तिच्यावर चिडलेलीच आहे. एक कुंकू दाखवलं असतं तर तिच्या फिल्मला काय धाड भरणार होती? उलट लोक विचारात पडले असते. खून म्हणता आणि बाई तर कुंकू लावून बसलीय. तिथूनच तर खरी फिल्म सुरू झाली असती.

बायका गेल्यावर तू म्हणालीस, "त्यो सोंग घेतलेला मानूस परत दाव." काकांचं काम केलेला नट म्हणायचा होता तुला. मी म्हणाले, काकू, तो तर सगळ्यात भिकार भाग आहे. होताच. धोतर, टोपी, पीळ दिलेल्या मिश्या. काकांनी जन्मात टोपी घातली नाही, पँट आणि बुशशर्टात वावरलेला माणूस. त्याच्याखालची मोटारसायकलसुद्धा त्या वर्षी निघालेली नव्हती. तरी मी लावलं. तो नट अंगणात गाडीला किक मारतो, रस्त्याला लागतो, आणि त्याची पाठ लहान लहान होत धुळीत दिसेनाशी होते. तू म्हणालीस, "मागं घे." मी घेतलं. "बाजा बंद कर." मी आवाज बंद केला. तू परत बघितलंस, परत मागं घ्यायला लावलंस.

मग तू सांगितलंस ते मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं. त्या सकाळी तू मागच्या गोठ्यात होतीस. शेळी व्यायला लागली होती, करडू आडवं आलेलं. काकांनी पुढूनच आवाज दिला, "येतो गं." तू मान न वळवता "हां" म्हणालीस. "पोलिसानं इचारलं, अंगावर काय हुतं. मी खुटीला कोन्तं न्हाई ते बघून सांगितलं, निळा बुशशर्ट. मी बघितलंच न्हवतं त्येंना जाताना. कुनाला कसं सांगायचं, की बायको असून बघितलं न्हाई?" टीव्हीत तो नट परत किक मारत होता. "आज बघितलं. सोंग का व्हईना, पाठ तर हाय." फिल्म वाईट आहे, काकू, मी कुणाहीसमोर वाईटच म्हणेन. त्या तुकड्याला नावं ठेवायला मात्र माझी जीभ आता उचलत नाही.

ती फिल्म येईपर्यंत गावानं तुझ्याबाबतीत एक गोष्ट न बोलता सांभाळली होती. काका आहेत की नाहीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तुला हळदी-कुंकवाला बोलावलं जायचं. काहींच्या कपाळाला आठ्या पडायच्या, पण बोट कुंकवात बुडवून तुझ्याकडं वळायचंच. फिल्मनं ते मिटवून टाकलं. पुढच्या संक्रांतीला तू सुगडांत बोरं, हरभरा, उसाची कांडकी घालून ताट मांडलंस आणि संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. कुणाचं बोलावणंही आलं नाही. शेवटी तू स्वतःच शेजारी गेलीस तर शेजारीण म्हणाली, "काकू, राग मानू नका. पर आता पिच्चरमधीच सांगितलं न्हाई का? आमालाबी घरातली मानसं बोलतेत."

हे तू मला फोनवर सांगितलंस, मधेच, हरभऱ्याचे ढाळे घेऊन जा म्हणता म्हणता. मी विचारलं, राग नाही आला? "कुनाचा? त्येंनी काय खोटं केलं? बघितलं, खरं मानलं. आपुन दुसऱ्यांच्या फिल्मा बघून मानायचोच की." त्यानंतर तुला कुंकू लागलं असेल तर ते तुझ्याच बोटानं, रोज सकाळी, अंघोळ करून. आई एकदा लावायला आली होती म्हणे, पण तुम्ही दोघी जावा जन्मभर पाण्याच्या हंड्यावरून भांडलेल्या. तू तिला म्हणालीस, दया नको. आई तणतणत घरी आली आणि आठवडाभर तुझ्या नावानं बोटं मोडत बसली.

आता अंगणातलं सांगते. त्या दुपारी शेळ्यांना पाला टाकून तू ओट्यावर टेकलीस आणि उठलीच नाहीस. मी बीडहून पोचेपर्यंत माणसं जमली होती. तात्यांचं बोलणं मी सांगितलंच. आईच्या हातात तिच्या स्वतःच्या पेटीतलं हिरवं लुगडं होतं, नवंकोरं, घडी न मोडलेलं. तिनं ते कुणासाठी ठेवलं होतं मला ठाऊक आहे, स्वतःच्या शेवटच्या दिवसासाठी. तात्यांचं ऐकून ती थांबली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू तिच्यासंगं ते समदं बघायचीस. तू सांग. हायेत का न्हाईत?"

मी म्हणाले, "काका हायेत."

तात्या म्हणाले, "तू बघितलंस काय गं?"

"तुमी मेलेले बघितलेत काय, तात्या?"

सगळे बाबांकडं बघायला लागले. वीस वर्षं भाऊ गेला म्हणणारा माणूस, कोर्टाचे कागद करून आणलेला माणूस. बाबा खाली मान घालून उभे होते. मग म्हणाले, "नेसवा."

आईनं तुला हिरवं लुगडं नेसवलं. हिरव्या बांगड्या भरल्या, ओटी भरली, कपाळभर मळवट भरला. मग त्या आल्या. संक्रांतीला तुझ्या उंबऱ्याशी न फिरकलेल्या सगळ्या, ओळीनं. सवाष्ण गेलीय, तिला कुंकू लावलं की आपल्यालाही तसंच मरण येतं म्हणून. एक जण डोळे पुसत म्हणाली, भाग्याची गं बाई. मला तिचा हात धरून बाजूला करावासा वाटला. त्या लावत राहिल्या, आणि तुझ्या कपाळावर जागा उरेना तसं कुंकू भुवयांवर, नाकावर सांडत राहिलं. जिवंतपणी बोटभरसुद्धा दिलं नाही गं त्यांनी तुला. मी भिंतीला टेकून हमसून हमसून रडले, आणि सगळ्यांना वाटलं ते तू गेलीस म्हणून.

तुला कधी बोलले नाही ते आता बोलते. येईल त्याला तू विचारायचीस. नव्या जमादाराला, एसटीच्या कंडक्टरला, त्या फिल्मच्या पोरीला. "तुला काय वाटतंय, असतेल का?" मला कधीच विचारलं नाहीस. एवढ्या दुपारी शेजारी बसून काढल्या, एका ताटात जेवलो, एकदाही नाही. काकू, मला वाटतं काका त्याच दिवशी गेले. सातवीत होते तेव्हापासून वाटतं. कसे, कुठं, कुणामुळं, काही ठाऊक नाही, पण गेले असंच वाटतं. तुला ते माझ्या तोंडावर दिसत असणार, म्हणून तो प्रश्न तू माझ्यापर्यंत येऊच दिला नाहीस. विचारला असतास तर मला खोटं बोलायला लागलं असतं, नाहीतर रविवारचं येणं बंद झालं असतं. तू दोन्ही होऊ दिलं नाहीस. त्याचे उपकार मानायचे राहून गेले. आणि तरीही त्या अंगणात सगळ्यांसमोर 'काका हायेत' म्हणताना मी अडखळले नाही. अजूनही मला ते खोटं वाटत नाही. हे दोन्ही एका माणसाला कसं वाटू शकतं, ते तूच सांगू शकली असतीस.

माती करून बाबा परत आले. अंघोळ करून ओट्यावर बसले. मी पाण्याचा तांब्या दिला, तो त्यांनी हातातच धरून ठेवला. रस्त्याकडं बघत होते. मग मला म्हणाले, "त्यो आला तर त्याला ह्ये सांगायचं कसं गं?"

बाबांच्या तोंडून 'आला तर' इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच ऐकलं, काकू. आणि ते ऐकायला तू नव्हतीस.